सोनकिड्याचं सोनं

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्या कामरगावात पोरींच्या बाहुला-बाहुलीच्या लग्नात नवरीला टिकली लागायची ती जिवंत सोनकिड्याची. नाल्याकाठी बेशरमाच्या पानावर तो बसलेला असायचा, वाटाण्याएवढा, सोन्याचा मुलामा दिल्यासारखा. बाहुली शेजारच्या शिंप्याच्या पोरीची, माझ्या जिवलग मैत्रिणीची. बाहुला माझा. रिवाज असा की नवरीचा दागिना आदल्या दिवशी वरपक्षाकडं. तिनं सोनकिडा घातलेली काडीपेटी माझ्या हवाली केली. सकाळी ती फ्रॉकच्या खिशात टाकून मी उड्या मारत लग्नाला गेले.

पेटी उघडली तर आत मळकट, विटकरी किडा!

"माहा सोन्याचा होता. तू बदलला!"

"मी कायले बदलू? तोच हाय!"

"मंग सोनं कुठी गेलं?"

आता काय सांगू, कप्पाळ! उलट मलाच शंका आली, हिनंच रंग फासून दिला नसेल कशावरून? तेवढ्यात एक पोरगी पचकली, "वरमायनंच हाणला दागिना!" साऱ्या खिदळल्या. मी बाहुल्याचं मुंडासं उपटून फेकलं. "ठेव तुयापाशीच," म्हणत मैत्रिणीनं पेटी माझ्याकडं सरकवली आणि तडक माझ्या आईकडं गेली.

आईनं माझे दोन्ही खिसे उलटे केले. दप्तर झटकलं, उशीखाली पाहिलं. पोरी काय, चार दिवसांनी विसरल्या असत्या. पण सख्ख्या आईला मी चोर वाटावं?

"आई, तुई आन, तोच हाय."

"माही आन नोको घेऊ. खरं सांग."

पुष्कळ वर्षांनी वाचलं, त्या किड्याच्या कवचात पातळ थर असतात. त्यांत ओल असली की उजेड सोन्यासारखा परततो. भ्याला की ओल ओसरते आणि खालचा तांबूस रंग दिसतो. निवांत झाला की पुन्हा सोनं. तेव्हा हे कोणाला ठाऊक!

मी किड्याला ताज्या पानावर ठेवलं, वर काचेचा गिलास पालथा घातला आणि रडत बसले. दिवस कलता कलता पाहते तर काय, सोनं! गिलास, पान, सगळं तसंच अलगद उचलून मी चुलीपुढं नेलं.

"आई, पाह्य! झाला सोन्याचा!"

आईनं किड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिचा जीव भांड्यात पडल्याचं मला दिसलं. पिठाच्या हातानं तिनं मला जवळ ओढलं आणि मायेनं म्हणाली, "आनला ना वापस? हेच सकाळी केलं असतं तं!"