तीस रात्रींचा पाहुणा

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आमच्या इमारतीच्या मालकांनी ही म्हण ऐकली असेल असं वाटत नाही, पण नियम मात्र तिच्यावरूनच बेतलाय. एकतीस मजले, मजल्यावर दहा खोल्या, दहा खोल्यांत मिळून एक स्वयंपाकघर, आणि प्रत्येक भाडेकरूला महिन्यातून पाहुण्याच्या तीन रात्री. चौथी नाही. दारातल्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘इथे कुणीच एकटं नाही’. त्या अक्षरांखाली मी बसतो. पाहुण्यांची नोंद घेणं आणि चौथ्या दिवशी त्यांना वाट दाखवणं, हे माझं काम. पोटासाठी माणूस काय काय करतो!

शिंपीकाका आले ते चौदाव्या मजल्यावर, आपल्या मुलाकडे. चाळीस वर्षं एका लहान गावात त्यांचं दुकान होतं. बायको गेली, डोळे अधू झाले, जागामालकाने दुकान रिकामं करायला लावलं. सामान म्हणजे एक पिशवी, कात्री आणि गळ्यात टेप. टेप काढायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नसावं.

“बाबा चार दिवस राहतील, मग बघतो काहीतरी,” मुलगा मला म्हणाला.

मुलगा वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे माझं डोकं तापलं की राहून जाईल. दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, ही त्याची नोकरी. खोली नऊ बाय अकरा, पलंग एकच. तो त्याने वडिलांना दिला आणि स्वतः टेबलाच्या पायांत डोकं घालून जमिनीवर झोपू लागला.

तीन रात्री संपल्या. पाहुण्याचं कार्ड रोज संध्याकाळी सहाला बंद पडतं. ज्याच्याकडे उतरायचं त्याने स्वतः खाली येऊन सही केली तरच ते पुन्हा चालू होतं. चौथ्या दिवशी काकांबरोबर मुलाच्या शेजारच्या खोलीतली नर्स खाली आली.

“हे माझे पाहुणे. लिहा.”

“नातं?”

“मामा,” ती म्हणाली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे लिहिलं.

तिच्या तीन रात्री झाल्यावर बेकरीत काम करणारा पोरगा आला. त्याचे ते आजोबा झाले. मग कुणाचे काका, कुणाचे सासरे. एका अविवाहित पोराने सासरे लिहिलं तेव्हा मला हसू आवरेना. दहा खोल्या, तीन-तीन रात्री, महिना बरोबर भागला. काका झोपायचे मुलाच्याच खोलीत, फिरायचं ते फक्त कागदावर. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. महिना एकतीसचा असला की त्या जादा रात्री मी त्यांना माझ्या घरी नेई. बायको म्हणे, “नोकरी जाईल तुमची.” आणि त्यांच्या ताटात दोनदा वाढे.

त्या पोरांनी हे का केलं? कुणाची चेन बसवून दिली, कुणाच्या शर्टाला बटणं लावली, एवढंच नव्हे. आधी त्या मजल्यावर जो तो आपलं ताट घेऊन खोलीत जाई आणि दार लावून घेई. काका स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी शिवत बसू लागले, तशी पोरं तिथेच जेवायला लागली. म्हातारा फारसं बोलायचाही नाही. “जेवलीस का गं?” एवढं विचारायचा. भिंतीवरच्या सोनेरी अक्षरांना जे जमलं नव्हतं, ते या माणसाने सुईदोऱ्याने केलं. मला तेव्हा वाटलं होतं, हे असंच चालेल. मी मूर्ख.

पाचव्या महिन्याची अठ्ठावीस तारीख. नऊ खोल्यांच्या रात्री संपल्या होत्या, आता उरल्या होत्या फक्त मुलाच्या तीन. सहा वाजता काका एकटेच खाली आले आणि सोफ्यावर बसले. मांडीवर पिशवी होती.

सात वाजले, साडेसात झाले. मुलगा आला नाही. माझ्या पडद्यावर मात्र त्याचं नाव कधीच उमटलं होतं: पाच पंचावन्न, गाडीतळाकडचं दार. त्याच्याकडे गाडीच नाही. मी त्याला फोन लावला. वाजत राहिला.

“ऑफिसात अडकला असेल,” मी म्हणालो.

“साहेब, तुम्हाला खोटं बोलता येत नाही,” काका म्हणाले. “लांबचं अजून दिसतं मला, वरच्या खिडकीतून पाहिलंय त्याला. मान खाली घालून मागून आत शिरला, म्हणून मीच खाली आलो. माझ्यासमोर यायची लाज वाटली असेल.”

“लाज कसली? थांबा, कान धरून खाली आणतो त्याला!”

“बसा हो.” त्यांनी खिशातून एक कागद काढला. घड्या पडून पडून चिंधी झालेला. वृद्धाश्रमाचा अर्ज. काकांचं वय, आजार, सगळं मुलाच्या हस्ताक्षरात भरलेलं. “पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या पँटचा खिसा उसवला होता, तो शिवायला घेतला तेव्हा हा सापडला. परत ठेवून दिला. म्हटलं, तो आपणहून काढेल. रोज वाट पाहिली. खाली माझी सही हवी होती ना, ती मागायचा धीर होईना बिचाऱ्याला. शेवटी आज सकाळी मीच काढून घेतला. ऑफिसात खिसा रिकामा लागला असेल, तेव्हा कळलं त्याला.”

मी कागद उलटा करून पाहिला. सही झालेली होती.

“वर चला,” मी म्हणालो. “दोघं समोरासमोर बोला. पोरंही आहेत वर, काहीतरी मार्ग निघेल.”

“पाच महिने फरशीवर झोपतोय तो. कंबर धरून उठतो सकाळी, मी झोपेचं सोंग घेऊन बघत असतो. आज पलंग मोकळा आहे. झोपू दे त्याला.”

त्यांना मी घरी नेलं. बायकोने कागद वाचला आणि आत निघून गेली. मी म्हणालो, राहा इथेच. ते म्हणाले, “तुमच्याकडेही खोली एकच आहे, साहेब.” खरंच होतं. ते खरं असल्याचा मला आजही राग येतो.

सकाळी मी त्यांना आश्रमात पोचवलं. दारात त्यांनी माझी दुमडलेली कॉलर सरळ केली, “जा, उशीर होईल,” म्हणाले आणि पिशवी उचलून आत गेले.

मी येऊन खुर्चीत बसतोय तोवर मुलगा लिफ्टमधून धावत आला. “साहेब, बाबा कुठेत? मी थोडा आडवा झालो होतो, धीर करून सहीला खाली येणारच होतो. कधी डोळा लागला कळलंच नाही!”

त्याला एक थोबाडीत द्यावी असं मनात आलं. हातही उचलला होता. पण त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं उतरली होती, तो ताठ उभा होता, आणि गालावर उशीची घडी स्पष्ट उमटली होती. ती बघितली आणि त्याच्यासमोरच मला रडू फुटलं.