साडभाऊंच्या पिच्चरचे चोर

चोरांचे शत्रू जगात पुष्कळ असतील, पण आमच्या साडभाऊंइतका प्रामाणिक, चिकट आणि बिनकामाचा शत्रू दुसरा सापडायचा नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहतात मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात, आणि सौसरच्या रस्त्यावर त्यांची संत्र्याची बाग आहे. बागेत चोर शिरला तर हे त्याला आधी पाणी विचारतील. पण कुणाच्या मोबाइलवर चोरून उतरवलेला पिच्चर दिसला की खल्लास! न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना ते एकदा ताडकन उठले आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "तिकीट काढलं का याचं?" मेहुण्याच्या वरातीत डीजेच्या गाडीसमोर आडवे उभे राहून त्यांनी गाणं वाजवायची परवानगी मागितली होती. नवरदेव घोड्यावर ताटकळला, घोडा बिथरला, आणि सासरेबुवा माझ्याकडे असे बघत होते, जणू या माणसाला मीच घरात आणलं होतं. भजनी मंडळालासुद्धा त्यांनी सोडलं नाही. "चाल पिच्चरची चोरली तुमी," असं भर भजनात सुनावलं. पेटीवाले शांतपणे म्हणाले, "चाल चोरली, पन देव तं आपलाच हाय नं बापा!"

हा राग उगाच नव्हता. साडभाऊंनी स्वतः एक पिच्चर काढला होता. आपल्या बोलीत, आपल्या बागेत, आणि घरातलेच नट. वडिलांना त्यांनी एका हट्टी बुड्याचं काम दिलं होतं. बाबांना तेव्हापासूनच काही आठवत नसे. संवाद सांगावा तर ते विसरत आणि दर वेळी "आधी चाय, मंग बाकी" एवढंच ठणकावून म्हणत. शेवटी साडभाऊंनी तेच ठेवलं, आणि पिच्चर त्या एका वाक्यावर तरला. सौसरला मंगल कार्यालय ठरलं, पडदा लागला, आणि आत माणूस नाही! आदल्याच आठवड्यात कुणीतरी नक्कल फोडली होती आणि ती लोधीखेड्यापासून तिगावपर्यंत मोबाइलोमोबाइल फिरत होती. लोक दारात येऊन अभिनंदन करून परत जात होते. रिकाम्या खुर्च्यांसमोर साडभाऊ हात बांधून उभे होते, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. सगळ्यांत कळस म्हणजे पडद्याच्या तळाशी पिच्चरभर त्यांनी एक पट्टी फिरवली होती: 'नक्कल पाहणाऱ्याची खबर द्या', आणि पुढे स्वतःचा मोबाइल नंबर. चोरांनी ती पट्टीही इमानदारीनं उतरवली होती. खबर द्यायला मात्र कुणाचाच फोन आला नाही.

तेव्हापासून ठाण्यात चकरा सुरू झाल्या. मी पुष्कळ समजावलं, की साडभाऊ, पोलिसांना दुसरी कामं आहेत, जनतेच्या पैशानं पिच्चरचे चोर काय धरायचे? ते उसळले. "माह्या बागेतली संत्री चोरली तं सिपाई येते. मंग माह्या डोक्यातलं चोरलं तं काहून नाही येनार?" पांढुर्णा आता जिल्हा झाला, तेव्हा पिच्चरचोरांसाठी वेगळं पथक हवंच, असा त्यांचा हिशेब होता. पण नदीच्या दोन काठांवरची गावं पोळ्यानंतर एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमारीची जत्रा तोंडावर आली होती. ठाणेदार हात जोडून म्हणाले, "काकाजी, गोटमार सर पे है, सिपाही कहाँ से लाऊँ?" पण साडभाऊ बाकावरून हलेनात, म्हणून शेवटी बिचाऱ्यांनी दोन शिपाई एका दुपारपुरते दिले.

बाजारातल्या मोबाइलच्या दुकानांत झडती सुरू झाली. एका पेनड्राइव्हमध्ये पिच्चर सापडला. तो हाच का याची खात्री करायला म्हणून शिपाई बघायला बसले, आणि हसता हसता एकाची टोपी पडली. साडभाऊ रागावले होते, पण कोणत्या जागी हसतात तेही चोरून पाहत होते. तेवढ्यात मोठ्या बाईंचा, म्हणजे साडभाऊंच्या बायकोचा, फोन आला. बाबा घरात नव्हते.

साडभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. "चुलीत गेला पिच्चर! माह्या बापाले पाहा हो!" ते ओरडले. एक शिपाई स्टेशनकडे धावला, दुसरा पूल ओलांडून सावरगावकडे. जाम नदीला पाणी चढलं होतं. साडभाऊ काठाकाठानं "बाबा, बाबा" हाका मारत चिखलातून जात होते आणि मी मागून. पाण्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

आणि मोबाइल वाजला. पलीकडून कुणीतरी चाचरत म्हणालं, "पट्टीवरून नंबर घेतला, भाऊ. तुमचा पिच्चर आमी चोरूनच पाह्यला, कबूल हाय. पन त्यातले बुडे इथं तिगाव टेशनावर गाडीतून उतरून माह्या टपरीवर बसून राह्यले. आधी चाय, मंग बाकी म्हनतात. मी लगेच ओळखलं."

साडभाऊ तिथंच चिखलात बसले. मी त्यांना उठवलं, दोन्ही शिपायांना कळवलं आणि मोटरसायकल तिगावला हाणली. स्टेशनबाहेरच्या टपरीवर बाबा मजेत बशीतून चहा पीत होते. टपरीवाला हात जोडून उभा, आता आपल्याला धरणार म्हणून. साडभाऊंनी त्याचे हात धरले आणि ढसाढसा रडले. जीव भांड्यात पडला, दुसरं काय! मग डोळे पुसून म्हणाले, "पुरा पाह्यला का?"

"नाही भाऊ. आमच्याकडे आला त्यात शेवट कापलेला हाय."

"आन इकडं मोबाइल."

आणि आमचे साडभाऊ, पिच्चरचोरांचे कर्दनकाळ, आपल्या हातानं त्या माणसाच्या मोबाइलमध्ये अख्खा पिच्चर भरत बसले. भरून झाल्यावर शेवट त्याला तिथंच दाखवला. बाबाही वाकून पाहू लागले. संध्याकाळ झालेली, बागेच्या बांधावर तो बुडा एकटा बसलेला, आणि पिच्चर संपला. बाबांनी स्वतःला ओळखलं नाही. जरा वेळानं काळजीनं विचारलं, "या बुड्याले घरी न्यायले कोनी आलं नाही का?"

साडभाऊंनी त्यांच्या अंगावरचं उपरणं नीट केलं.

"आलो नं, बाबा," ते म्हणाले. "नेऊनच राह्यलो."