भाऊंचा आवाज बसला त्या रविवारी

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचा रेडिओ चालायचा. इंटरनेटवरचाच, पण आम्ही त्याला रेडिओच म्हणायचो. खाली छापखाना होता. त्याची मशिनं रविवारी बंद असत, म्हणून रेकॉर्डिंगही रविवारीच. आठवडाभर मी एका स्टुडिओत मालिकांचा आवाज साफ करायचे आणि रविवारी इथे तेच काम प्रेमाखातर.

मुलाखती घ्यायचे भाऊ. सत्तरी ओलांडलेले, मूळचे मालवणकडचे, वाकोल्यात राहणारे, एका कारखान्यातले जुने कामगार पुढारी. समोर अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका असोत, नगरसेवक असो की पाण्यासाठी भांडणाऱ्या वस्तीतल्या बायका, ते आवाज न चढवता विचारत, "हे ठरवलं कोणी? आणि तुम्हाला विचारलं होतं का?"

एकदा मला मुलुंडहून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. "तुमचे भाऊ ज्या कारखान्यात होते ना, तो बंद झाला तेव्हा मी तिथे मॅनेजर होतो. सगळे भाग ऐकतो मी. त्यांना विचारा, माझी मुलाखत घेतील का?"

मी ते भाऊंना सांगितलं. कारखाना बंद झाल्यावर त्यांचे कितीतरी सोबती गावी परतले होते, काही कायमचे खचले होते. ते म्हणाले, "येऊ दे त्याला. पण बाय, मी गोड बोलणार नाही हां."

मॅनेजरसाहेब आले ते लेकीचा हात धरून. पोटमाळ्याचा लोखंडी जिना चढताना त्यांना धाप लागली. भाऊ वरून बघत होते. दोन पायऱ्या खाली उतरून त्यांनी हात पुढे केला. मग भाऊंनी मला सांगितलं, "चहा बिनसाखरेचा सांग. यांना तेव्हाही तसाच लागायचा."

रेकॉर्डिंग सुरू झालं. महिनाभर भाऊंचा घसा धरलेला होता आणि डॉक्टरकडे जायचं ते रोज उद्यावर ढकलत होते. ओळख करून देतानाच आवाज खरखरू लागला. दुसऱ्या प्रश्नाला नुसती हवा आली. पाणी प्यायले, पुन्हा प्रयत्न केला, पण शब्द फुटेना. मी रेकॉर्डिंग थांबवायला हात नेला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारायचं होतं आणि आवाजानं नेमका आजच दगा दिला होता.

मी म्हटलं, "भाऊ, मी विचारू का?"

तेवढ्यात साहेबांनी चष्मा लावला आणि भाऊंच्या पुढ्यातला प्रश्नांचा कागद ओढून घेतला. "मलाच विचारायचंय ना? मग मीच वाचतो."

आणि त्यांनी वाचलं, "दर पाच वर्षांनी सरकार निवडणाऱ्या माणसाला, तो रोज जिथे राबतो तिथे कुणी काही विचारत नाही. हे तुम्हाला कधी खटकलं का?"

त्यांनी कागदावरून नजर उचलली. "नाही खटकलं. तेव्हा तरी नाही. माझ्या डोक्यात तो प्रश्नच नव्हता."

मग त्यांनी पुढचा प्रश्न वाचला. "कारखाना बंद होणार हे तुम्हाला कधी कळलं, आणि आम्हाला का सांगितलं नाहीत?" मग ते माईककडे न बघता भाऊंकडे बघून म्हणाले, "आधीच कळलं होतं. मालकांनी जमिनीचा सौदा केला होता. मला म्हणाले, गप्प राहा, आणि मी राहिलो. तुम्ही गेटवर रोज मला नमस्कार करायचात. मी घरी जाऊन जेवू शकायचो नाही, पण बोललोही नाही."

भाऊंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. माफ केलं की नुसता धीर दिला, मला आजही सांगता येणार नाही. उरलेले सगळे प्रश्न साहेबांनी तसेच वाचले, एकही गाळला नाही.

मी तो भाग जसाच्या तसा लावला, खरखर आणि शांततेसकट. एका जुन्या कामगाराचा रागावून फोन आला, "त्याला एवढ्यावर सोडलंत?" मी फोन भाऊंच्या कानाला लावला. ते कुजबुजले, "तुझा राग खरा हा रे. तू पण ये, बोल." आणि तो खरंच आला, पुढच्याच महिन्यात.

भाऊंच्या घशात गाठ सापडली आणि ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज पूर्ण परतला नाही. साहेब मुलुंडहून फोन करायचे. बोलायचे साहेबच, आणि भाऊ अधूनमधून हुंकार द्यायचे. भाऊंच्या बायकोला याची मोठी गंमत वाटे. "लगीन झाल्यापासून पयल्यांदाच हे कोणाचा तरी ऐकून घेतत," ती म्हणायची.

मुलाखती मग माझ्याकडे आल्या. पहिल्यांदा समोर होती घरोघरी जेवण पोचवणारी एक मुलगी. तिच्या मोबाइलमधल्या अॅपनं तिला न विचारता कामाचे नियम बदलले होते. मी घाबरून एकामागोमाग एक प्रश्न विचारत सुटले. भाऊ शेजारीच बसले होते. त्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला आणि तसाच धरून ठेवला. मी गप्प झाले. मुलीनं हेल्मेट मांडीवर घेतलं, जरा विचार केला आणि मग स्वतःहून बोलू लागली.