सुतेकिची म्हणजे टाकून दिलेला

मृदुलाला माणसांच्या नावांची भारी हौस. नवऱ्यामागोमाग नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला आली, डच शिकली, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करू लागली, तरी ही खोड काही गेली नाही. नवं नाव कानावर पडलं की त्याचा अर्थ कळेपर्यंत तिला चैन पडत नसे.

ती ज्यांची देखभाल करायची त्या जपानी मोरिताआजोबांनी मात्र तिला वर्षभर दाद दिली नाही. या गावातल्या सायकली दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. सगळे त्यांना किची म्हणत, पण औषधाच्या डब्यावर नाव होतं सुतेकिची. अर्थ विचारला की आजोबांना हटकून चहाची आठवण व्हायची.

एका सकाळी त्यांच्या सुजलेल्या पायांवर घट्ट मोजे चढवताना तिनं पुन्हा विषय काढला. या वेळी आजोबा चिडलेच.

“किची म्हणजे शुभ आणि सुते म्हणजे टाकून दिलेला. झालं समाधान?”

मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. ते तान्हे असतानाच आई वारली. ज्या मावशीनं वाढवलं ती एकदाच बोलली होती, की तुला शेजारणीनं रस्त्यावरून उचलून आणलं. आपण आईला नकोसे होतो, अशी त्यांनी जन्मभराची खूणगाठ बांधली होती.

मृदुलाला वाईट वाटलं, पण कुतूहल त्याहून मोठं होतं. तिच्या पणजोबांचं नाव केरू, म्हणजे चक्क केरकचरा. असलं नाव कोणी उगाच ठेवत नाही. तुमच्याआधी घरात मुलं झाली होती का, असं तिनं जपूनच विचारलं.

दोन झाली होती. दोन्ही वर्षाच्या आत गेली.

मग तिला राहवेना. आमच्याकडे मूल जगत नसलं की पुढच्या बाळाला उकिरड्यावर ठेवायचे. टाकलेल्या पोराला मृत्यूही विचारत नाही, अशी समजूत. उचलायला शेजारणीला आधीच सांगून ठेवलेलं असायचं. जपानातलं मला ठाऊक नाही, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं.

मग पणजोबांना घरी परत कोणी आणलं, असं आजोबांनी विचारलं.

“त्यांच्या आईनंच. शेजारणीला पसाभर तांदूळ देऊन आपलंच पोर विकत घेतलं.”



“म्हणजे मला ठेवून आई लांब गेलीच नसेल,” आजोबा म्हणाले. “तिथंच कुठंतरी उभी राहून माझ्याकडे बघत असेल.”