वासराला चीक, लेकीला गूळपाणी

ताईच्या सासूबाईंनी वाटी मोरीत उपडी केली तेव्हा मी दारातच उभी होते. वाटीत ताईच्या अंगावरचा चीक होता, पिवळा आणि घट्ट. तिची दोन दिवसांची मुलगी रडत होती आणि तिच्या तोंडात कापसाच्या बोळ्यानं गूळपाणी सोडणं चाललं होतं.

"मावशी, फेकलं काऊन?"

"नऊ महिने साचून नासलेलं दूध ते. पोरीले बाधते."

बिरसीजवळच्या त्या घरातलं ताईचं हे दुसरं बाळंतपण. आमची आई नाही, म्हणून दोन्ही सासरीच झाली. पहिल्या वेळीही असाच चीक फेकला, मुलाला अंगावर घेऊ दिलं नाही, मग दूध येईना, मग पावडरचा डबा आला. हिच्या अंगात दूधच नाही, असं घरात ठरलं. ताईनंही ते खरं मानलं, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. दहावीनंतर शाळा सोडून ती लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला गेली, म्हणून मी गोंदियाच्या कॉलेजात एम.एस्सी. केलं. तिच्याच शरीराचा धडा मी तिथं शिकले आणि तिला तो कोणी सांगितला नव्हता.

गरोदरपणात वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन दुधाला लगाम घालून ठेवतं. वार पडली की लगाम सुटतो. मग प्रोलॅक्टिन, सोबतीला कॉर्टिसॉल आणि इन्सुलिन, स्तनातल्या पेशींना हुकूम देतात आणि केसीनसारखी दुधातली प्रथिनं बनवणारी जनुकं जोरात कामाला लागतात. बाळ ओढत राहिलं तर प्रोलॅक्टिन पुन्हा पुन्हा वाढतं. बाळालाच दूर ठेवलं तर हुकूम थंडावतो. ताईचं अंग कोरडं पाडलं होतं, माणसांनी.

हे मी सोपं करून सांगू लागले, पण आवाज चढत गेला.

"लग्न नाही झालं अजून, अन् बाळंतिणीले शिकवून राहिली!" मावशी म्हणाल्या. "इतकी शिकली त तूच पाज."

त्यांची गाय त्याच आठवड्यात व्यायली होती. वासरू उभं राहीना, तेव्हा याच मावशींनी त्याला कवेत धरून आचळाला लावलं होतं.

"मग वासराले चीक कायले पाजला?"

"नाही पाजला त मरते ना ते!"

"अन् ही?"

"ते जनावर होय वो. माणसाचं वेगळं राहते."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तेव्हा ताई उठून बसली आणि सासूला म्हणाली, "आई, आणा तिले इकडे."

"तुह्या अंगात नाही ना पण..."

"नसो. ओढू द्या."

मुलीला आधी धरताच येईना. ताई दात आवळून कळ सोसत होती. तरी दर वेळी मुलगी रडली की आम्ही तिला छातीशी लावत राहिलो. दोनेक दिवसांत ताईचा ब्लाऊज दुधानं भिजला.

मावशी शेजारणीला सांगत होत्या, "गूळपाण्यानं घसा मोकळा झाला, म्हणून ओढून राहिली."

मी तोंड उघडणार, तोच ताईनं माझं मनगट दाबलं. "चूप बस. पिऊन राहिली ना ती?"

मग बऱ्याच वेळानं, मुलीवरची नजर न काढता तिनं विचारलं, "म्हणजे पोराच्या वेळीही आलं असतं का वो?"

"आलं असतं, ताई."

 ताईनं मुलीला दुसऱ्या बाजूला पाजायला घेतलं.