तोकुजीने सोडलेला उतार

चिझुएबाईंनी गिफूच्या त्या डोंगरात बत्तीस वर्षं टपाल वाटलं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच पत्र कुणाचं ते त्या सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी पानं वाचायला घेतली. दर गुरुवारी गावातली सात-आठ म्हातारी मंडळी घेऊन त्या खिंडीची वाट चढत, आणि रानलिली दिसली की सगळ्यांना थांबवून परीक्षा घेत.

"पानांच्या बेचक्यात काळे मणी आहेत? मग ही ओनियुरी. मणी नसते तर तिची धाकटी बहीण. चला पुढे."

'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. याचा त्यांना थोडा गर्व होता. थोडा कसला, चांगला भरपूर होता.

जीव मात्र अडकला होता ससायुरीत, म्हणजे बांबू-लिलीत. फूल फिकट गुलाबी, पण पान हुबेहूब डोंगरातल्या बुटक्या बांबूसारखं, आणि बी रुजल्यापासून फुलायला सात वर्षं. मागे एका रोपाला त्यांनी खुणेची लाल फीत बांधली, तर कुणीतरी कांद्यासकट उपटून नेलं. दुसरं जूनमध्ये सगळं गाव मिळून गवत कापतं तेव्हा, खिंडीच्या वाटेचा तुकडा वाट्याला आलेल्या म्हाताऱ्या तोकुजीच्या मशीनखाली गेलं. म्हणून तिसऱ्याचा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कापणीच्या दिवशी पाणी प्यायच्या निमित्ताने त्या बरोबर त्या रोपापुढे ठाण मांडत आणि म्हणत, "बाकीचं कापा, सगळा बांबूच आहे." यंदा सातव्या वर्षी त्या रोपाला कळी आली, आणि कापणीला पाच दिवस असताना बाईंचा पाय पायरीवर मुरगळून प्लास्टरमध्ये गेला.

नाइलाजाने त्यांनी तोकुजीला चहाला बोलावलं.

"वळणाखालच्या उतारावर ससायुरी आहे. वाटेवरच्या जिझोदेवाच्या मूर्तीपासून अकरा पावलं."

"तुमची पावलं की माझी, पोस्टबाई?"

"थट्टा पुरे. मागची तूच कापलीस."

"तिने तोंड उघडून सांगायचं होतं, मी लिली आहे म्हणून."

"नीट ऐक. बांबूच्या पानाची कड बोटाला लागते, लिलीची मऊ असते. बांबूचं पान खोडाला धरून बसतं, लिलीचं नुसतं टेकलेलं."

"मला माझ्या जुळ्या नाती अजून ओळखता येत नाहीत. पानांच्या कडा कुठून ओळखू?" तोकुजीने चहाबरोबर ठेवलेल्या लोणच्याची फोड तोंडात टाकली. "एकच आहे ना?"

"एकच. पान न् पान पाहिलंय मी."

कापणीच्या सकाळी बाई खिडकीशी बसून मशीनचे आवाज ऐकत राहिल्या. वळणाकडचा आवाज मध्येच थांबला. दुपारी तोकुजी बोटाला चिंधी बांधून दारात उभा.

"कापलीस?"

"बोट कापलं. अकरा पावलं मोजली, तर समोर सगळी पानं सारखीच. कड बघायला गेलो तर ही गत. शेवटी मशीन बंद करून अख्खा उतार सोडला."

"अख्खा? अरे, वाडीचे प्रमुख काय म्हणाले?"

"चारचौघांत म्हणाले, तोकुजी आता म्हातारा झाला. वर्षभर चघळतील."

वाट्याचं गवत न कापता सोडणं म्हणजे त्या गावात अब्रू घालवणं. बाई आधी खूप हसल्या. मग त्यांनी त्याला आत बसवून पुन्हा लोणचं वाढलं.

तीन आठवड्यांनी काठी टेकत बाई खिंडीकडे निघाल्या, सोबत गुरुवारची मंडळी आणि तोकुजी. अकराव्या पावलावर फूल डुलत होतं. त्याच्या पलीकडे दुसरं. वर तिसरं, आणि दगडाआड आणखी दोन.

"पाच," तोकुजी म्हणाला. "पोस्टबाई, ही चार कोणती?"

मंडळी निकालासाठी थांबली. बाईंनी एकेक पान उलटून पाहिलं. चारही ससायुरीच होत्या. म्हणजे एकीची राखण करताना बाकीच्या दरसाल आपणच कापायला लावत होतो. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला माहीत नव्हतं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

मग तोकुजी त्यांच्या शेजारी खाली बसला.

"चला, अब्रू घालवलेले आता दोघं झालो," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीही हा उतार सोडू, प्रमुखांच्या शिव्या निम्म्या-निम्म्या."

"निम्म्या कशाला?" फुलांवरची नजर न काढता बाई म्हणाल्या. "पाचात चार माझ्या."