एका ठिपक्यावर एकच

प्रयोगशाळेत त्यांना ठिपकेबाई म्हणत. गेली कित्येक वर्षं त्या काचेच्या गोल चकत्यांवर ठिपकेच तर उमटवत होत्या. बारीक शिक्का चिकट द्रावणात बुडवायचा, चकतीवर अलगद टेकवायचा आणि श्वास रोखून उचलायचा. मग त्यावर उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतल्या पेशी सोडायच्या, त्याही इतक्या विरळ की एका ठिपक्यावर एकच बसावी. ठिपक्याबाहेर तिला पाय टेकायला जागा नाही. चुकून दोघी एका ठिपक्यावर आल्या तर त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि तो ठिपका बाद. ठिपकेबाईंच्या चकत्यांवर अशा जोड्या फारशा सापडत नसत. एकटं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आता एकटी पेशी करणार काय? धागे तर तिला फुटतातच. ते ठिपक्याच्या कडेपर्यंत जातात, चाचपडतात, कुणी भेटत नाही, मग माघारी वळतात आणि तिला स्वतःलाच जाऊन चिकटतात. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. ही बया वाजवते! नव्यानं आलेल्या डॉक्टरबाईंनी एकदा ते पडद्यावर दाखवलं.

"बघा, हिनं संदेश पाठवला आणि तो हिचा हिलाच मिळाला. काही पेशींचा संदेश तर 'गप्प बस' असाच असतो. म्हणजे तोंड उघडलं की आपलाच हात आपल्या तोंडावर. भरल्या मेंदूतसुद्धा असतात बरं का अशा."

"मग हिला सोडवायचं कसं?" ठिपकेबाईंनी विचारलं.

"सोडवायचं कशाला?" डॉक्टरबाई हसल्या. "आपल्याला अशीच तर हवी."

ठिपकेबाईंना जवळचं माणूस म्हणजे एक थोरली बहीण. ताई त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. वडील गेले त्या आठवड्यात त्यांचं कपाट आवरताना ताई बोलून गेली, "तुला काय कळणार? तुला ना मूल ना बाळ." झालं, त्या दिवसापासून बोलणं बंद. बोलणं बंद, भांडण मात्र रोज चालू. कपडे वाळत घालताना, बसची वाट बघताना ठिपकेबाई मनातल्या मनात ताईला सुनवायच्या, ताईचं उत्तरही आपणच द्यायच्या, त्या उत्तरानं पेटून उठायच्या आणि मग थोबाडीत बसल्यासारख्या गप्प व्हायच्या. खरी ताई एकदाच चुकली होती. मनातली ताई मात्र वर्षागणिक जास्तच फटकळ होत चालली होती, आणि तिचं तोंड कोण चालवत होतं ते काय सांगायला हवं?

अशात भाच्याचा निरोप आला. "मावशी, आई आता कायमची माझ्याकडे येतेय. रविवारी सकाळी निघू. इतक्या लांबून परत येणं तिला झेपायचं नाही. तुझा फोन यावा असं तिला फार वाटतंय. स्वतःहून म्हणणार नाही ती."

ठिपकेबाईंना रडू आलं. करायचाच फोन, आजच करायचा! त्यांनी नंबर काढला. "आता झाली का आठवण?" मनातली ताई लगेच म्हणाली. "आठवण तू तरी कुठे ठेवलीस?" ठिपकेबाई फणकारल्या आणि फोन आपटला. दुसऱ्या दिवशी तेच. शनिवारीही तेच. माणसानं स्वतःचा असा छळ मांडावा म्हणजे कमाल झाली.

रविवारी सकाळी, विचाराला उसंत मिळायच्या आत, त्यांनी नंबर लावून टाकला.

"हॅलो?" आवाज थकलेला, थोडा कापरा. "अगं बाई, तू! कशी आहेस गं?"

"कशी असणार? ज्याचं कुणी नाही त्यानं कसं असावं, तेही तूच सांग ना!"

उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मी कुठं काय म्हणाले गं?" ताईनं हळूच विचारलं.

खरंच, ती काहीच म्हणाली नव्हती. 'चुकले' एवढा एकच शब्द ठिपकेबाईंना म्हणायचा होता. तो घशापर्यंत आलाही. पण आतली ताई आधीच बोलून चुकली होती, "आता कशाला?" आणि ठिपकेबाईंचं तोंड मिटलं ते मिटलंच.

"अगं, बोल ना," ताई म्हणाली. ती थांबली होती. बराच वेळ थांबली. मग मागून भाच्याची हाक आली, "आई, गाडी आलीय खाली."

"बरं, ठेवते मग. जप हं स्वतःला." ताईनं फोन ठेवला.

ठिपकेबाईंचा फोन कानालाच होता.

"ताई, चुकले गं मी," आता त्या घडाघडा बोलू लागल्या. "थांब जराशी, मी निघालेच. दारातून तरी बघते तुला."

आणि पुरता श्वासही न घेता, ताईच्या वतीनं त्याच म्हणाल्या, "राहू दे आता."